मदतपानातली अर्धी ओळ

ओपीडी संपून दुपारचे तीन वाजले होते. आमच्या विभागातला दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर उघडा लॅपटॉप हातात घेऊनच खोलीत आला. "मॅडम, दोन याद्या जुळत नाहीयेत. सकाळपासून बघतोय."

त्याच्या प्रबंधाचा विषय होता पाच वर्षांखालच्या मुलांमधलं कुपोषण. अंगणवाड्यांमध्ये जाऊन त्याने स्वतः मुलांची वजनं आणि उंची घेतली होती. मूल तीव्र कुपोषित, म्हणजे आमच्या रोजच्या भाषेत 'सॅम' आहे का, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वाढीच्या मानकांशी ते ताडून पाहावं लागतं. तेवढ्या उंचीच्या निरोगी मुलांच्या तुलनेत या मुलाचं वजन किती खाली आहे, ते 'झेड-स्कोअर' नावाच्या आकड्यात मांडतात. तो उणे तीनच्या खाली गेला की मूल सॅम. शेकडो मुलांसाठी हे गणित हाताने करत बसणं अवघड, म्हणून त्याने एक मोफत सॉफ्टवेअर पॅकेज वापरलं होतं. खातरजमा म्हणून सीमारेषेवरची मुलं त्याने छापील तक्त्यावरूनही तपासली. हाताने केलेल्या यादीत चार मुलं सॅम होती. संगणकाच्या यादीत ती चारही नव्हती.

प्रबंधाच्या तक्त्यात चार मुलांनी टक्केवारी फारशी हलत नाही. पण हीच यादी तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही देणार होता. यादीत नाव असलं की मुलाची वैद्यकीय तपासणी होते, त्याला भूक लागते का ते पाहिलं जातं, गरज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं जातं. नाव नसलं, तर यातलं काहीच होत नाही.

आम्ही त्या चार मुलांच्या नोंदी काढल्या. चौघंही वीस ते तेवीस महिन्यांची. आणि चौघांच्याही पुढे शेऱ्याच्या रकान्यात रेसिडेंटच्या अक्षरात एकच शब्द होता : 'उभं'.

कोडं तिथे सुटलं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून, असा नियम आहे. एकच मूल झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा थोडं लांब भरतं. हा फरक ०.७ सेंटिमीटर धरायचा, असं जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलं आहे. म्हणजे दोन वर्षांखालचं मूल काही कारणाने उभं मोजलं असेल, तर त्यात ०.७ मिळवायचे, दोन वर्षांवरचं मूल झोपवून मोजलं असेल, तर ०.७ वजा करायचे. वीस महिन्यांचं मूल लाकडी फळीवर झोपवून त्याचे पाय सरळ करायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना 'उभं' हा शेरा का येतो ते सांगायला नको. ते किंचाळतं, पाय आखडतं, आई कासावीस होते. शेवटी त्याला भिंतीला टेकवून उभं करतात.

हाताने तपासताना रेसिडेंटने ०.७ मिळवले होते. संगणकाने मिळवले नव्हते. वय दोनच्या खाली दिसलं, तेव्हा मोजमाप झोपवूनच घेतलं असणार, असं पॅकेजने गृहीत धरलं. लांबी कमी धरली गेली, म्हणून अपेक्षित वजनही कमी धरलं गेलं, आणि मूल आहे त्यापेक्षा बरं दिसलं. पॅकेजमध्ये 'हे मूल उभं मोजलं आहे' असं सांगायची सोय होती. पण मदतपानावर उंचीच्या समोर फक्त एवढंच लिहिलं होतं : उंची, सेंटिमीटरमध्ये. त्या सोयीचं नाव खाली दुसऱ्या यादीत होतं, आणि ती वापरली नाही तर काय होईल, हे कुठेच नव्हतं.

गणित बरोबर होतं. सूत्र बरोबर होतं. कमी होती ती अर्धी ओळ.

खोक्यातला कागद

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. बारीक अक्षरातला, बहुतेक जण न वाचता फेकतात तो. मात्रा किती, कुणाला देऊ नये, कशाबरोबर घेऊ नये, हे सगळं त्यावर असतं. गोळी कितीही शुद्ध असली तरी त्या कागदाशिवाय ती अपुरी असते. सॉफ्टवेअरच्या जगात या कागदाला 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात. एखादं फंक्शन कोणती माहिती मागतं, कोणत्या एककात मागतं, काही सांगितलं नाही तर स्वतःहून काय गृहीत धरतं आणि उत्तर कोणत्या रूपात देतं, हे सांगणारी पानं म्हणजे डॉक्युमेंटेशन. मी त्यांना मदतपानं म्हणते.

आजचं वैद्यकीय संशोधन मोठ्या प्रमाणावर मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअरवर उभं आहे. अशा सॉफ्टवेअरची संहिता कुणालाही मोफत पाहता, वापरता आणि सुधारता येते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा सुरू केली. आज तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी लिहिलेली हजारो पॅकेजेस उपलब्ध आहेत. 'पायथन' या भाषेत आकडेमोडीसाठी 'नमपाय', तक्त्यांसाठी 'पांडास' आणि यंत्र-शिक्षणासाठी 'सायकिट-लर्न' आहेत. महागडं सॉफ्टवेअर विकत घेणं परवडत नाही अशा सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ही मोठीच देणगी आहे.

यातलं बरंच काम नोकरी सांभाळून, फावल्या वेळात केलेलं असतं. नवं फंक्शन लिहिण्यात आनंद असतो, नावही होतं. त्याचं मदतपान नीट लिहिणं हे आमच्याकडच्या केसपेपरसारखं असतं. त्याचं महत्त्व सगळे मान्य करतात, पण ते सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहिलं जातं.

पाच हिमोग्लोबिन, दोन उत्तरं

मदतपान न वाचल्याने काय होतं, याचं अगदी साधं उदाहरण घरी करून पाहता येईल. पाच रुग्णांचं हिमोग्लोबिन ८, ९, १०, ११ आणि १२ आहे असं समजा. सरासरी १०. आता आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारं प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, काढा. 'नमपाय'ला विचारलं तर उत्तर येतं १.४१. 'आर'ला किंवा 'पांडास'ला विचारलं तर येतं १.५८.

यातलं चूक कुणीच नाही. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १० येते. 'नमपाय' तिला ५ ने भागतं, कारण हे पाचच रुग्ण म्हणजे आपला सगळा समूह असं ते धरतं. 'आर' आणि 'पांडास' ४ ने भागतात, कारण हे पाच जण मोठ्या समूहातला नमुना आहेत असं ते धरतात. वैद्यकीय अभ्यासात आपल्याकडे जवळजवळ नेहमी नमुनाच असतो, त्यामुळे दुसरं उत्तर हवं. हे तिन्ही ठिकाणच्या मदतपानांवर लिहिलेलं आहे. ज्याने ते वाचलं, त्याला फरक कळतो. ज्याने वाचलं नाही, तो परीक्षकासमोर गोंधळतो. गंमत अशी की 'पांडास' हे 'नमपाय'च्याच पायावर बांधलेलं आहे, तरी दोघांचं गृहीत वेगळं.

दुसरं उदाहरण अधिक गंभीर आहे. एखाद्या आजाराची शक्यता वय, वजन, धूम्रपान अशा गोष्टींनी किती वाढते, ते काढायला आम्ही डॉक्टर 'लॉजिस्टिक रिग्रेशन' वापरतो. 'सायकिट-लर्न'मधलं या नावाचं साधन, काही वेगळं सांगितलं नाही तर, गुणकांना शून्याच्या दिशेने थोडं ओढतं. भविष्याचा अंदाज बांधणाऱ्या यंत्र-शिक्षणात ही चांगली सवय मानली जाते, कारण त्यामुळे थोड्या माहितीवरून टोकाचे निष्कर्ष निघत नाहीत. पण संख्याशास्त्राच्या पुस्तकात शिकलेलं लॉजिस्टिक रिग्रेशन असं काही करत नाही. धूम्रपानाने धोका किती पट वाढतो, हे ज्याला मोजायचं आहे, त्याच्या हाती त्यामुळे खऱ्यापेक्षा सौम्य आकडा येऊ शकतो. नाव तेच, उत्तर वेगळं. आज त्या साधनाच्या मदतपानांवर हे ओढणं आपोआप लागू होतं, अशी स्पष्ट सूचना आहे, आणि यंत्र-शिक्षणात ते रूढ असलं तरी संख्याशास्त्रात नाही, हेही सांगितलेलं आहे. दोन वाक्यंच, पण ती एखाद्या शोधनिबंधाचा निष्कर्ष वाचवू शकतात.

हवाईतली फाइल

तिसरं उदाहरण रसायनशास्त्रातलं. २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात रेणूंची रचना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर पायथनमधल्या छोट्या आज्ञावली दिल्या होत्या, आणि जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातले संशोधक सायनोबॅक्टेरियातल्या एका संयुगावर काम करत असताना त्यांच्या लक्षात आलं की एकच आज्ञावली, एकच माहिती, पण संगणक बदलला की उत्तर बदलतं. दोन संगणक-प्रणालींवर १७३.२ आलं, तर दुसऱ्या दोन प्रणालींवर १७२.४ आणि १७२.७. त्यांनी ते त्याच वर्षी 'ऑरगॅनिक लेटर्स'मध्ये प्रसिद्ध केलं.

कारण अगदी साधं निघालं. आज्ञावली एका फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवत होती, आणि ती यादी नावाच्या क्रमाने येईल असं धरून पुढचा हिशेब करत होती. काही प्रणालींवर ती तशी येते, काहींवर येत नाही. क्रम बदलला की एका फाइलचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडला जायचा. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या एका क्रमाने आणि कागद दुसऱ्याच क्रमाने ठेवले तर जे होईल, तेच.

पायथनच्या मदतपानात याविषयी इशारा होता. पण तो वाक्याच्या शेवटी जोडलेल्या एका तुकड्यात होता : यादी कोणत्याही क्रमाने येऊ शकते, एवढाच. रसायनशास्त्रज्ञाला तो वाचून आपल्या हिशेबावर काय परिणाम होईल, हे कसं सुचणार? आता त्या पानावर यादी क्रमवार येईल की नाही हे फाइल-प्रणालीवर अवलंबून असतं, असं वेगळं वाक्य आहे. आणि मूळ आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही चूक मोकळेपणाने स्वीकारून ती दुरुस्त केली. दुरुस्ती काय, तर यादी आधी क्रमाने लावून घ्यायची.

माहिती लिहिलेली असणं आणि ती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'औषध जेवणानंतर' असं आम्ही चिठ्ठीवर लिहितो. पण रुग्ण दिवसातून एकदाच जेवणारा असेल, तर त्या दोन शब्दांचा त्याला काय उपयोग? हे आपल्याला त्याच्याशी बोलल्यावरच कळतं.

एका शिक्षकाची तक्रार, सगळ्यांची मेहनत

मदतपानं सुधारण्याचं काम एकत्र येऊन करता येतं, हे 'नमपाय'ने दाखवून दिलं. अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ जोसेफ हॅरिंग्टन विद्यार्थ्यांना माहितीचं विश्लेषण शिकवत होते. साधन उत्तम होतं, पण मदतपानं इतकी तोकडी की विद्यार्थी जागोजागी अडत. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पुढाकाराने मदतपानं लिहिण्याची मोहीमच निघाली. कुणीही येऊन सुधारणा करू शकेल अशी सोय संकेतस्थळावर केली गेली. सुधारणा तपासून मगच मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाई. भरीव काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून टी-शर्ट मिळे.

त्या काळात एक साचाही रूढ झाला, जो आज अनेक वैज्ञानिक पॅकेजेस वापरतात. आधी फंक्शन काय करतं ते एका ओळीत, मग ते कोणती माहिती मागतं, मग काय परत देतं, संबंधित फंक्शन्स कोणती, जाणून घेण्यासारख्या टिपा, आणि शेवटी उदाहरणं. आम्ही रुग्णाचा इतिहास लिहितो तेव्हा मुख्य तक्रार, आधीचे आजार, औषधं, तपासणी असा क्रम ठरलेला असतो, तो यासाठीच की घाईतही काही सुटू नये. 'आर'मध्ये तर पॅकेज तपासणारी यंत्रणाच मदतपान नसलेल्या फंक्शनवर बोट ठेवते.

पण यंत्रणा पान आहे की नाही एवढंच पाहते. पान समजतं का, हे ते वापरणारा माणूसच सांगू शकतो.

माझी पहिली दुरुस्ती

त्या चार मुलांची यादी आम्ही त्याच संध्याकाळी हाताने दुरुस्त करून पाठवली. मग रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, हे त्यांना कळवायला हवं ना? दुसरं कुणी असंच फसेल." मी म्हटलं, "कळव." तो म्हणाला, "तुम्हीच लिहा. तुम्हाला मोजमापाचं जास्त माहिती आहे."

खरं सांगते, मला संकोच वाटला. पन्नाशी उलटलेली डॉक्टर, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, आणि जगभरच्या तज्ज्ञांसमोर त्यांच्या पानात चूक काढायची? पण पाहिलं तर रस्ता सोपा होता. यातली बरीच पॅकेजेस 'गिटहब' या संकेतस्थळावर ठेवलेली असतात. तिथे मोफत खातं उघडायचं. जी फाइल सुधारायची ती उघडली की वर पेन्सिलचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की आपल्यासाठी त्या प्रकल्पाची वेगळी प्रत तयार होते. आपण मूळ प्रतीला हात लावतच नाही, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नाही. आपल्या प्रतीत शब्द बदलायचे, काय बदललं आणि का, ते दोन ओळींत लिहायचं आणि 'ही सुधारणा घ्यावी' अशी विनंती पाठवायची. तिला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी मंडळी ती वाचतात, प्रश्न विचारतात, पटलं तर मूळ प्रतीत मिसळून घेतात.

माझी पहिली विनंती परत आली. मी ज्या फाइलमध्ये सुधारणा केली होती, ती यंत्राने आपोआप तयार होणारी फाइल होती. मूळ मजकूर संहितेच्याच फाइलमध्ये, फंक्शनच्या वर लिहिलेला असतो आणि त्यातून मदतपान तयार होतं. मी केलेला बदल पुढच्या वेळी पुसलाच गेला असता. उत्तर देणाऱ्याने हे समजावून सांगितलं, योग्य फाइल कोणती तेही दाखवलं. बोलण्यात कुठे तुच्छता नव्हती. आमच्या राउंडला ज्युनिअरची चूक दाखवताना आम्ही इतके सौम्य असतो का, असा प्रश्न मला पडला.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, ०.७ चा आधार काय? मी जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाच्या सूचनांकडे बोट दाखवलं. मग मी एक उदाहरण जोडलं, आणि पाठवण्याआधी थबकले. उदाहरणातलं वय, वजन, उंची मी नकळत आमच्याच एका मुलाच्या नोंदीवरून घेतली होती. नाव नव्हतं, तरी ती माहिती आम्हाला त्या आईने उपचारासाठी आणि अभ्यासासाठी दिली होती. जगासमोर मांडायला नव्हे. ते आकडे खोडून काल्पनिक मुलाचे लिहिले.

अकराव्या दिवशी सुधारणा स्वीकारली गेली. सगळी मिळून चार वाक्यं. सोबत एक निरोप होता, ज्याचा आशय असा : दोन वर्षांखालची मुलं प्रत्यक्षात उभी मोजली जातात, याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

त्यांना कल्पना असण्याचं कारणही नव्हतं. सूत्र जाणणारा माणूस अंगणवाडीतल्या फळीवर किंचाळणारं मूल पाहत नाही. आणि ते मूल पाहणारी सेविका, परिचारिका, डॉक्टर सूत्राच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत. चूक या दोघांच्या मधल्या जागेत राहते. ती भरायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. आपण कुठे अडखळलो ते नीट सांगता आलं तरी पुरतं.

कुणी, काय, कसं

अडखळण्याची आठवण ताजी असते तेव्हाच लिहावं. एकदा कळलं की आपल्याला काय कळत नव्हतं, तेच आठवत नाही. म्हणून नवशिक्याची सूचना अनेकदा तज्ज्ञापेक्षा मोलाची ठरते.

कशावर लिहावं? एकक नसेल तर एकक. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण 'ड' जीवनसत्त्वाचंच पाहा. आपल्याकडे ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतं, काही देशांत नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत अडीच पटींचा फरक आहे. ३० हा आकडा पहिल्या एककात ठीकठाक, तर दुसऱ्यात चांगलीच कमतरता दाखवणारा. दोन्ही ठिकाणी तो आकडा शक्यतेतला दिसतो, म्हणून चूक नजरेत येत नाही. एककानंतर पाहायचं ते गृहीत : काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर काय धरून चालतं? रिकाम्या नोंदींचं काय करतं? मग उदाहरण, जुनी झालेली सूचना, मेलेला दुवा, चुकलेलं स्पेलिंग. लहान दुरुस्तीपासून सुरुवात करायला हरकत नाही. बहुतेक प्रकल्पांत नवख्यांसाठी वेगळी खूण केलेली कामं आणि सहभागाचे नियम लिहून ठेवलेले असतात. आधी ते वाचावेत.

काही पथ्यंही आहेत. रुग्णाची खरी माहिती, चुकीचा पडदा दाखवणाऱ्या फोटोतसुद्धा, कधीही पाठवू नये. आपल्याला जे वाटतं ते नव्हे, तर जे तपासून पाहिलं तेच लिहावं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर न समजता चिकटवू नये. तो वाचण्यात तिथल्या स्वयंसेवकांचा वेळ जातो, आणि चूक शिरली तर ती अधिकृत पानावर बसते. एका विनंतीत एकच गोष्ट असावी. उत्तराला उशीर झाला तर चिडू नये. पलीकडचा माणूसही दिवसभराचं काम आटोपून बसलेला असतो.

इंग्रजीची अडचण मला मान्य आहे. त्या बाबतीत आपल्याकडे चांगलं कामही झालं आहे. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' हा प्रकल्प शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरलं जावं यासाठी केंद्र सरकारच्या मदतीने चालतो. त्यात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं अशा सॉफ्टवेअरमध्ये करून सगळ्यांसाठी खुली ठेवतात. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये अशा सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र याची ओळख फारशी नाही. दर वर्षी आपल्या राज्यातले पदव्युत्तर विद्यार्थी शेकड्यांनी प्रबंध लिहितात. त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवर कधीतरी अडखळतो, शेजारच्या मित्राला विचारून पुढे जातो, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच दगडाला ठेचकाळतो. दगड बाजूला करायला अर्धा तास लागतो. आता आमच्या विभागात प्रबंध जमा करण्याआधी मी विचारते, "कुठे अडलास? ते कुठे लिहून ठेवलंस?"

राहिली ती चार मुलं. दुरुस्त यादी गेल्यावर आशाताई त्यांच्या घरी जाऊन आल्या. तिघांची तपासणी झाली. त्यातली एक मुलगी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली आणि वजन वाढल्यावर घरी गेली. दुसऱ्या दोघांना गावातच आहार सुरू झाला. चौथ्या मुलाच्या घराला कुलूप होतं. कुटुंब चार दिवसांपूर्वीच ऊसतोडणीला निघून गेलं होतं. ज्या जिल्ह्यात गेलं असेल असं शेजारी म्हणाले, तिथल्या कार्यालयाला आम्ही नाव कळवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. रेसिडेंट दर सोमवारी फोन करतो.